अवजारे अनेक, याद एक

सोमवारी सकाळी हिंजवडीतल्या एखाद्या इमारतीत नवी मुलगी टीममध्ये रुजू होते. लॅपटॉप मिळतो, पासवर्ड मिळतो, ती कोड उतरवून घेते. बिल्ड लावते आणि पडद्यावर लाल ओळींची रांग लागते. शेजारचा सीनियर खुर्ची सरकवत येतो आणि म्हणतो, "अगं, माझ्याकडे तर चालतंय!" त्याच्याकडे चालत असते हे खरेच. तो इक्लिप्स या एडिटरमध्ये काम करतो. तीन वर्षांपूर्वी घाईच्या वेळी त्याने एक जार फाइल हाताने त्यात जोडलेली असते आणि ते तो विसरूनही गेलेला असतो. पलीकडची सहकारी इंटेलिजे वापरते, तिच्याकडे त्याच लायब्ररीचे पुढचे व्हर्जन असते. सर्व्हरवर बिल्ड करणारा मेव्हन तिसरेच काही उचलतो. गुरुवारी संध्याकाळी प्रोजेक्ट एकदाचा उभा राहतो. कशामुळे राहिला, हे मात्र कोणालाच छातीठोक सांगता येत नाही.

विरजण शेजारून आणावे आणि दही घरी लावावे, तसे आजचे सॉफ्टवेअर बनते. तारखा वाचणे, फाइल दाबून लहान करणे, डेटाबेसशी बोलणे, नोंदी ठेवणे ही कामे करणारे कोड दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले असतात. आपण ते आणतो आणि त्यावर आपले काम रचतो. या आणलेल्या कोडला धंद्यात डिपेंडन्सी म्हणतात. आपण दहा आणतो, त्या दहांना त्यांच्या स्वतःच्या दहा लागतात आणि बघता बघता शेकड्यांनी अनोळखी पाहुणे घरात येऊन बसतात. त्यांची व्यवस्था कोणी, कुठे आणि कोणत्या अवजाराने लावायची, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण कंपनीने सगळ्यांच्या हाती एकच अवजार द्यावे की ज्याला त्याला आपापले वापरू द्यावे, आणलेल्या वस्तूंची व्हर्जने गोठवून ठेवावीत की रोज ताजी घ्यावीत, याचा निर्णय अखेर कोणीतरी माणसानेच घ्यायचा असतो. दोन्ही बाजूंना वजनदार माणसे आहेत, आणि दोन्ही बाजूंनी चटके सोसलेले आहेत.

आधी अवजारांचे. एकच अवजार सक्तीचे करावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा हलका नाही, कारण दोन अवजारे एकच यादी वाचूनही दोन वेगळे निकाल देतात. समजा, आपल्या प्रोजेक्टला 'अ' आणि 'ब' या लायब्ररी हव्यात. 'ब'ला 'ड'चे पहिले व्हर्जन थेट लागते. 'अ'ला 'क' लागते आणि त्या 'क'ला 'ड'चे दुसरे व्हर्जन लागते. दोन्ही 'ड' एकत्र नांदू शकत नाहीत, एकच निवडायचे. मेव्हनचा नियम असा की नात्याने जो जवळचा, तो घ्यायचा. म्हणून तो पहिले व्हर्जन उचलतो. ग्रेडलचा नियम असा की जे नवे, ते घ्यायचे. तो दुसरे उचलतो. कोड तोच, यादी तीच, प्रोग्राम मात्र दोन. एक नीट चालतो आणि दुसरा रात्री अडीच वाजता, नेमक्या त्या कोपऱ्यातला कोड पहिल्यांदा चालला की, 'अशी मेथडच सापडत नाही' म्हणून मान टाकतो.

भाषा बदलली की नियमही बदलतात. जावास्क्रिप्टच्या जगात एनपीएम एकाच लायब्ररीची दोन व्हर्जने वेगवेगळ्या खोल्यांत ठेवू शकतो. भांडण मिटते, घर फुगते. पायथनच्या एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका नावाचे एकच व्हर्जन राहते. म्हणून तिथे भांडण मिटवावेच लागते, आणि कोणी अर्धी पॅकेजेस कोंडाने, अर्धी पिपने बसवली की ते आणखी चिघळते. गो भाषेच्या कर्त्यांनी तिसराच मार्ग धरला: ज्याने त्याने आपली किमान गरज सांगायची, आणि त्या सगळ्या गरजा भागतील असे सर्वांत जुने व्हर्जन घ्यायचे. बाजारात आज सकाळी काय नवे आले, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. यातला कुठलाही नियम मूर्खपणाचा नाही. प्रत्येकामागे कोणाचा तरी अनुभव आहे. घोळ होतो तो एकाच टीममध्ये दोन नियम नकळत लागू होतात तेव्हा.

म्हणून एकवाक्यतेचे समर्थक गूगलकडे बोट दाखवतात. गूगलने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार, तिथला बहुतेक सगळा कोड, सुमारे दोन अब्ज ओळी, एकाच भांडारात आहे. बाहेरून आणलेल्या लायब्ररीचे शक्यतो एकच व्हर्जन सगळ्या कंपनीने वापरायचे, असा तिथला दंडक आहे. 'माझ्याकडे चालतंय' या वाक्याला तिथे फारशी जागा उरत नाही, कारण 'माझ्याकडे' असे वेगळे काही नसतेच.

पण हे उदाहरण देताना खर्चाचा रकाना बहुधा कोरा सोडला जातो. ते भांडार आणि त्यासाठीचे बिल्ड अवजार सांभाळायला गूगलकडे वेगळे इंजिनियर आहेत. बारा जणांच्या पुण्यातल्या कंपनीने बेझल किंवा निक्ससारखे बिल्ड अवजार आणायचे ठरवले, तर बारातला एक माणूस त्यातच अडकतो. आणि तो सोडून गेला की उरलेल्या अकरांना ती यंत्रणा आजोबांच्या भिंतीतल्या तिजोरीसारखी वाटू लागते. आहे खरी, उघडायची कशी ते ठाऊक नाही. शिवाय आज एका उत्पादनात पाच भाषा सहज असतात: मागचे काम जावात, पुढचे जावास्क्रिप्टमध्ये, विश्लेषण पायथनमध्ये, मोबाइलचे कोटलिन आणि स्विफ्टमध्ये. त्या प्रत्येक भाषेचा समाज, त्याची भांडारे आणि त्याच्या सवयी वेगळ्या. एकच अवजार सगळ्यांवर बसवणे म्हणजे सुताराला, गवंड्याला आणि शिंप्याला मिळून एकच हत्यार देणे. आणि एडिटर ही तर हाताच्या सवयीची गोष्ट आहे. वीस वर्षे व्हिमवर हात बसलेल्या माणसाला मेनूवाल्या आयडीईत कोंबून कंपनीला काय मिळते? हस्ताक्षर सगळ्यांचे सारखे हवे असा हट्ट कोणी धरत नाही. मजकूर बरोबर हवा इतकेच.

इथे आपल्याकडच्या लग्नाच्या यादीची आठवण येते. देणेघेणे, मानपान, कोणी काय करायचे, हे दोन्हीकडची मंडळी तोंडी कितीही ठरवोत. चार वडीलधाऱ्यांसमोर ते कागदावर उतरते, त्याला कुंकू लागते, तेव्हाच ती याद होते. मग वरपक्ष बैलगाडीने येवो की विमानाने, याद बदलत नाही. डिपेंडन्सीचेही तसेच करता येते. कोणती लायब्ररी, कोणते व्हर्जन, कुठल्या भांडारातून, हे कोडबरोबरच राहणाऱ्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहावे आणि प्रत्येक अवजाराने तीच फाइल वाचावी. ही कल्पना हवेतली नाही. मेव्हनची पॉम फाइल इक्लिप्स, इंटेलिजे, नेटबीन्स, व्हीएस कोड हे सगळे वाचतात. पायथनच्या मंडळींनी बरीच वर्षे वेगवेगळ्या पद्धती चालवल्यानंतर पायप्रोजेक्ट ही एक समाईक फाइल रुळवली आणि २०२५ मध्ये लॉक फाइलचाही, म्हणजे नेमके काय बसवले ते नोंदवणाऱ्या फाइलीचाही, समाईक नमुना मान्य केला. म्हणजे अवजारे बनवणाऱ्यांनाही कळून चुकले आहे की स्पर्धा अवजारात असावी, यादीत असू नये.

ज्या टीममध्ये हा नियम मोडतो तिथे तो कसा मोडतो, तेही ओळखीचे आहे. आयडीईच्या खिडकीत जाऊन हाताने जोडलेली जार हा एक प्रकार. दुसरा जावास्क्रिप्टवाल्यांचा: कोणी एनपीएम वापरतो, कोणी यार्न, आणि एकाच फोल्डरमध्ये दोन लॉक फाइली गुण्यागोविंदाने शेजारी बसलेल्या असतात. एका लग्नाच्या दोन यादी! कोणती खरी, हे ज्याने शेवटी बिल्ड केले त्यालाच ठाऊक. एडिटर कोणताही चालेल. पॅकेज मॅनेजर मात्र भाषेगणिक एकच, आणि त्याचेही व्हर्जन लिहून ठेवलेले. एवढी सक्ती अंगावर येणारी नाही.

आता दुसरा, अधिक कठीण प्रश्न. याद लिहिली, पण ती किती घट्ट बांधायची?

एनपीएमने एखादे पॅकेज बसवले की तो यादीत नेमके व्हर्जन न लिहिता बहुधा एक टोपीवजा खूण लिहितो. तिचा अर्थ, 'हे किंवा याच्या पुढचे, मोठा बदल नसलेले कुठलेही'. यामागे टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली व्हर्जनच्या तीन आकड्यांची शिस्त आहे: पहिला आकडा बदलला तर जुने मोडेल, दुसरा बदलला तर नवे काही मिळेल, तिसरा बदलला तर फक्त दुरुस्ती. पण हा शब्द लायब्ररीच्या लेखकाने पाळला तर खरा. तो चुकू शकतो, आणि त्याच्या खात्यात शिरलेला चोर तर तो पाळणारच नाही. लॉक फाइल ही त्यावरची तोड. परवा नेमके काय बसवले, त्याचे व्हर्जन आणि बोटांचा ठसा घ्यावा तशी त्याची खूण, ती जपून ठेवते. ती पाळायची की नाही, हेही आज्ञेवर अवलंबून असते: 'एनपीएम सीआय' म्हटले तर तो लॉक फाइल अक्षरशः पाळतो आणि जुळले नाही तर थांबतो, 'एनपीएम इन्स्टॉल' म्हटले तर तो वेळप्रसंगी तिच्यात फेरफारही करतो. सर्व्हरवर पहिली आज्ञा हवी. अनेक ठिकाणी दुसरी असते.

गोठवण्याच्या बाजूने साक्षीदार भरपूर आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये एका फसव्या ईमेलने एका लेखकाचे एनपीएम खाते लुबाडले गेले आणि चॉक, डीबग यांसारख्या पॅकेजेसची विषारी व्हर्जने बाहेर पडली. बाधित पॅकेजेस मिळून आठवड्याला दोन अब्जांहून अधिक वेळा डाउनलोड होत होती. विषारी व्हर्जने सुमारे दोन तासांतच काढली गेली. पण त्या दोन तासांत ज्याने लॉक न पाळता ताजे बिल्ड लावले, त्याच्या घरात ती आली. मार्च २०२४ मधले एक्सझेड प्रकरण याहून अंगावर काटा आणणारे. फाइल दाबणाऱ्या या छोट्या लायब्ररीत कोणीतरी दोनेक वर्षे सज्जनपणे काम करून विश्वास मिळवला आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या व्हर्जनांत चोरदरवाजा बसवला. ज्यांनी सर्वांत ताजे घेतले त्यांच्यापर्यंत तो पोचला. डेबियन लिनक्सच्या स्थिर आवृत्तीवर असलेले 'मागासलेले' लोक वाचले.

मग गोठवून कुलूप लावावे आणि निवांत झोपावे? तिथे एक्विफॅक्सचे उदाहरण आडवे येते. अपाची स्ट्रट्स या वेब फ्रेमवर्कमधल्या एका गंभीर दोषाची दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये उपलब्ध झाली होती. अमेरिकेतल्या या पतमापन कंपनीने दुरुस्ती करा असा निरोपही आत फिरवला होता. पण तपासणीत दोष असलेले ठिकाण सापडलेच नाही, ते तसेच राहिले, आणि मेपासून जुलैपर्यंत सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली. इथे जुने राहणेच महागात पडले. आणि जुने राहण्यामागे नुसता आळस नव्हता. आपल्या घरात काय कुठे आहे, हेच ठाऊक नव्हते.

डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या जगाची हीच गत झाली. लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीत दहापैकी दहा गुणांचा दोष निघाला. दुरुस्ती लवकर आली, पण 'आपण ती वापरतो का?' या प्रश्नालाच उत्तर नव्हते. आपल्या यादीत ती नव्हती. यादीतल्या कोणाच्या तरी यादीत होती. जारच्या पोटात जार, तिच्या पोटात आणखी जार. ज्यांच्याकडे सगळ्या पिढ्यांसकट याद तयार होती, त्यांनी शोध चालवला आणि दुरुस्तीला लागले. बाकीच्यांना एकेक सर्व्हर उघडून धुंडाळावा लागला.

म्हणजे पुरावा दोन्हीकडे पुरेसा आहे, आणि तो एकमेकांना खोडत नाही. घाई करणाऱ्याला विष मिळाले, झोपलेल्याला चोर मिळाला. त्यामुळे गोठवणे आणि ताजे ठेवणे यांतले एक निवडायचे, ही मांडणीच मला चुकीची वाटते. गोठवावे, पण ठरलेल्या दिवशी उघडावे. पंधरा दिवसांतून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी नवी व्हर्जने घ्यावीत, चाचण्या चालवाव्यात आणि याद पुन्हा लिहून कुंकू लावावे. नेहमीची नवी व्हर्जने बाहेर आल्यावर काही दिवस थांबून घ्यावीत. पीएनपीएमसारखी अवजारे आता ही थांबण्याची मुदत नेमून देऊ देतात. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर मात्र मुदत बघू नये, त्याच दिवशी हात घालावा.

यावर एक खरा आक्षेप आहे. सगळेच थांबले तर विष चाखून बघणार कोण? काही कंपन्या नवी पॅकेजेस यंत्राने तपासतात आणि बरेच काही त्यातच पकडले जाते. पण एक्सझेडचा चोरदरवाजा यंत्राने पकडला नाही. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या एका प्रोग्रामरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खटकले आणि तो खोदत गेला. थांबणारे सुरक्षित राहतात ते अशा खटकणाऱ्यांच्या जिवावर. याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही. इतकेच म्हणतो की ज्या कंपनीला परवडते तिने थांबण्याबरोबर थोडे तपासावेही, आणि ज्या लायब्ररींवर आपला धंदा चालतो त्यांच्या लेखकांना पैसा किंवा माणूस यांपैकी काहीतरी द्यावे. एक्सझेडचा भार मुख्यतः एकट्या, थकलेल्या माणसावर होता, आणि म्हणूनच 'मी मदत करतो' म्हणणारा चोर आत आला.

यादीवर भिस्त ठेवताना तिची एक मर्यादाही ओळखून असावे. याद म्हणजे वस्तू नव्हे. २२ मार्च २०१६ रोजी अझर कोचुलू या प्रोग्रामरने नावावरून झालेल्या वादानंतर रागाने आपली सगळी पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात लेफ्ट-पॅड होते: शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणाऱ्या अकरा ओळी. तेवढ्याने जगभरची बिल्ड कोसळली, कारण बाबेलसारखी मोठी अवजारेही त्यावर टेकलेली होती. नेमके व्हर्जन लिहून ठेवलेल्यालाही त्या वेळी काही मिळाले नाही. दुकानातच माल नव्हता. २०२१ मध्ये जेसेंटर हे जावाचे मोठे भांडार बंद करायची घोषणा झाली, तेव्हा अँड्रॉइडच्या असंख्य प्रोजेक्टांच्या फाइलींत त्याचाच पत्ता लिहिलेला होता. म्हणून जी पॅकेजेस वापरतो त्यांची प्रत आपल्या कोठारात ठेवणे हा चोचला नाही. आणि अकरा ओळींसाठी पाहुणा आणायचा की त्या आपणच लिहायच्या, हेही एकदा विचारावे. मोकळी जागा भरणे घरी जमते. एन्क्रिप्शन किंवा तारखांचे गणित घरी करायला जाऊ नये. तिथे जाणकाराचीच लायब्ररी बरी.

आजवर हे सगळे टीमच्या मर्जीवर होते. आता ते तसे राहणार नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. पाकिटामागे जिन्नस छापतात तशी ही यादी सरकारी, सार्वजनिक आणि अत्यावश्यक सेवांनी मागावी, असा त्यांचा रोख आहे. युरोपीय संघाचा सायबर लवचिकतेचा कायदा डिसेंबर २०२४ मध्ये लागू झाला आणि त्याची मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून येतील. पुण्यामुंबईतून युरोपात उत्पादने विकणाऱ्यांना घटकांची यादी ठेवावीच लागेल. एक धोका आत्ताच दिसतो: कायद्यासाठी वेगळी, देखणी यादी बनेल आणि बिल्ड दुसऱ्याच यादीतून होत राहील. असे झाले तर एका लग्नाच्या पुन्हा दोन यादी होतील. तपासनीसाला दाखवायची याद आणि सर्व्हरने वाचायची याद एकाच फाइलीतून निघाली पाहिजे.

तर अवजारांच्या वादात मी स्वातंत्र्याच्या बाजूने आहे, यादीच्या वादात सक्तीच्या. कोणत्या खिडकीत बसून कोड लिहावा हे ज्याचे त्याने ठरवावे. त्या खिडकीत हाताने काहीही जोडू नये. जोडले तर सर्व्हरवरच्या कोऱ्या मशीनने ते नाकारावे, आणि वाद झाला तर निवाडा त्या मशीनचाच. यादीचा सांभाळ कोणाच्या तरी नावावर असावा, कारण सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही.

हे नीट चालले आहे की नाही, हे कळायला मोठा अहवाल लागत नाही. दोन घड्याळे पुरतात. सोमवारी रुजू झालेल्या मुलीच्या मशीनवर, ती कुठलाही एडिटर वापरो, दुपारचा डबा उघडण्याआधी प्रोजेक्ट चालू झाला का? आणि एखाद्या रात्री बातमी आली की अमुक लायब्ररीला भोक पडले आहे, तर 'ती आपल्यात आहे का, कुठे आहे' हे सांगायला चहा निवण्याइतका वेळ लागतो की आठवडा? ज्या टीमला दोन्ही वेळा थोड्यात निभावता येतात, तिने इक्लिप्स वापरावे की इंटेलिजे, यावर खुशाल भांडत बसावे.